दोन बोटं जागा

दिपाली दुकानाच्या ओट्यावर बसून खिळे तोलत होती. आधी आवाज आला, सर्दी झालेल्या रेड्यासारखा घुरघुरता, आणि मग एकदम खर्रर्र... तराजू तसाच हातात धरून तिनं मान वर केली. बाबांनी रस्त्यात बांधलेल्या ब्रेकरवर एक लाल झेन पोट टेकून बसली होती. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि मधली सगळी गाडी ब्रेकरच्या मांडीवर.

झेन काही वडनेरला नवीन नव्हती. पण ही कुणीतरी लग्नाला उभी केल्यासारखी नटवलेली होती. चमचमती अलॉय चाकं, अंगापेक्षा रुंद टायर, बाजूनं लावलेले फायबरचे झालरीसारखे पट्टे, डिकीवर पंख. आणि उंची म्हणाल तर जमिनीशी गुपित बोलत असल्यासारखी खाली वाकलेली. एवढा सगळा थाट, आणि मागच्या सीटवर छतापर्यंत कापडाचे गठ्ठे.

काळा गॉगल लावलेला एक पोरगा उतरला. त्यानं गाडीखाली पाहिलं, गॉगल काढला, पुन्हा पाहिलं. गॉगलचा त्यात काही दोष नव्हता. दिपालीनं ओढणी तोंडाशी नेली, पण उशीर झाला होता.

"हसा ना जी," तो म्हणाला. "गावात कोणालेच मनाई नाई."

"मी कुठी हसून राह्यली? गाडी बसली, ते पाहून राह्यली. थकली असन बिचारी."

तो गाडी ढकलायला लागला. गाडी हलेना. शेवटी दिपालीलाच राहवलं नाही. तिनं ओट्यावरूनच सांगितलं की आधी गठ्ठे उतरवा, गाडी हलकी होईल, मग मागं घेऊन तिरपी चढवा. सरळ घ्याल तर उद्याही इथंच असाल. त्यानं निमूट तसं केलं. ती खाली उतरली, रस्त्यावर उकिडवी बसली, मान वाकडी करून गाडीच्या पोटाखाली पाहिलं, आणि हात वर करून दोन बोटं दाखवली.

"दोन बोटं जागा आहे. या हळूच..."

गाडी एकेक चाक उचलत पार झाली. त्यानं गठ्ठे पुन्हा भरले, स्टिअरिंगशी बसला, आणि निघताना खिडकीतून त्यानंही दोन बोटं दाखवली. दिपाली आत येऊन खिळे तोलायला लागली, तर किती तोलले तेच तिला आठवेना.

त्या ब्रेकरलाही त्याची कहाणी होती. दिपालीचे वडील पुंडलिकराव यांचं सिमेंट, खिळे, रंग असल्या सामानाचं दुकान. एकदा एका भरधाव जीपनं दुकानापुढे रचलेले रंगाचे डबे उडवले आणि पावसाळा येईपर्यंत वडनेरचा तो रस्ता आकाशी राहिला. पुंडलिकरावांनी कुणाला विचारलं नाही, अर्ज केला नाही. आपल्याच दुकानातलं सिमेंट काढून त्यांनी ब्रेकर घातला, तो आपल्या रागाएवढा उंच. थोडा कमी करा असं गाव म्हणालं, तर म्हणाले, कमी करायचा तर मग घालायचा कायले?

आणि त्या पोराचं नाव नीलेश. हिंगणघाटच्या किसनरावांच्या कापड दुकानातला. जुनी झेन घेऊन नागपूरच्या एका गॅरेजात त्यानं तिचं रूप पालटलं होतं. बापानं हरकत घेतली नाही, फक्त एक अट घातली. गाडी पाहिजे तशी नटव, पण वडनेरच्या आठवडी बाजाराचे गठ्ठे त्याच गाडीतून जातील. त्यामुळे जिल्ह्यातली सगळ्यात देखणी झेन दर बाजाराला लुगडी आणि टॉवेल वाहत होती.

दर बाजाराला मग तेच. लांबून घुरघुर ऐकू आली की दिपाली तराजू खाली ठेवायची. तो गठ्ठे उतरवायचा, ती रस्त्यावर उकिडवी बसायची, बोटं दाखवायची. कधी दोन, कधी नुसतं एक, आणि एकदा त्याच्या बापानं सतरंज्या भरल्या होत्या तेव्हा नुसती करंगळी. गठ्ठे चढेपर्यंत बोलणं व्हायचं.

तिनं विचारलं, हा मागचा पंख कायले? तो म्हणाला, जोरात गेल्यावर गाडी उडू नये म्हणून. ती म्हणाली, एवढ्या लुगड्यांच्या खाली दबलेली गाडी उडन कुठी? तो हसला. मग मात्र चाकापाशी बसून त्यानं मनापासून समजावून सांगितलं. आखूड स्प्रिंगा टाकल्या की गाडी खाली बसते, आणि खाली बसलेली गाडी वळणावर झुकत नाही. रुंद टायर रस्ता सोडत नाहीत. श्वास मोकळा व्हावा म्हणून इंजिनाला नवा फिल्टर, नवा सायलेन्सर. बोलताना त्याचे डोळे असे चमकायचे की दिपालीला स्प्रिंगांचा हेवा वाटायचा.

"वळणावर डगमगत नाई," तो म्हणाला. "मन घट्ट राह्यते."

"गाडीचं की तुमचं?"

त्यानं बनियनचा गठ्ठा उलटा उचलून सीटवर ठेवला, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

एकदा दिपालीच्या आईला, सुलोचनाबाईंना, दातासाठी हिंगणघाटला जायचं होतं. परत जाताना गाडी रिकामीच असते, मी सोडतो, असं नीलेश म्हणाला. आई पुढं बसली, दिपाली मागं. कापसाचे दिवस होते. ट्रकांतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना जागोजाग लटकला होता. खिडकीतून एक पुंजका आत आला आणि दिपालीच्या केसांत अडकला. तिला ठाऊक नव्हतं. आरशातून त्याला दिसत होता. तो सांगेना, नुसता पाहत राहिला... तिनंही एकदा आरशात पाहिलं, आणि मग दोघांनाही रस्ता फार आवडायला लागला. नाल्याजवळचं आडवं वळण आलं, गाडी जराही न कलंडता पाण्यासारखी वळली. सुलोचनाबाई, ज्यांना एसटीत हटकून उलटी व्हायची, त्या दाढदुखी विसरून झोपल्या होत्या. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, गाडी बसकी आहे, पण पोरगा सांभाळून चालवते.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. शाळेच्या मागून बाजाराकडे एक सपाट रस्ता जात होता. तिकडे ब्रेकर नाही, खड्डा नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही तो ठाऊक होता. दिपालीनं नीलेशला त्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. दर बाजाराला ठरवायची, आज सांगू. घुरघुर ऐकू आली की विसरायची. विसरायची कसली, ओठ घट्ट मिटून घ्यायची.

त्याचं फळ मिळालं. ती आठवडाभर मामाकडे तळेगावला गेली होती. परत आली तर ब्रेकरवर तेलाचा हा मोठा काळा डाग. बाबांनी सांगितलं, तो कापडवाला आलता, अंदाजानं गाडी घेतली आणि ऑइलची टाकी फोडून बसला.

"म्या म्हटलं, मी पाह्यतो खाली," पुंडलिकराव म्हणाले. "तर म्हणे, नाई काका, राहू द्या. अजब पोरगा आहे."

दिपाली घरात गेली आणि उगाच डाळ निवडायला बसली. कुणाची गाडी फुटली म्हणून आपल्या डोळ्यांत पाणी कशाला यावं, हे तिनं स्वतःला दोनदा विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. ती त्याच्यावर प्रेम करत होती, आणि त्याची टाकी तिच्याच गप्प बसण्यानं फुटली होती.

त्याच संध्याकाळी आईनं बातमी दिली. दोन बाजार झाल्यावरच्या रविवारी यवतमाळचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. मुलगा बँकेत होता.

बाजाराच्या दिवशी नीलेश आला. टाकी नवी होती. तिनं बोटं दाखवली, गाडी पार झाली, आणि तो गठ्ठे भरत असताना तिनं त्याच्याकडे न पाहता सांगून टाकलं.

"पुढचा बाजार झाला का रविवारी पाहुणे येऊन राह्यले. मले पाह्यले... यवतमाळचे."

नीलेशच्या हातातला गठ्ठा तसाच राहिला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण निघालं ते भलतंच.

"कोणती गाडी आहे त्यायच्यापाशी?"

"उंच," दिपाली म्हणाली. "कोणत्याच ब्रेकरवर अडकत नाई."

तो गेला. त्या दिवशी खिडकीतून बोटं दिसली नाहीत. दिपालीला राग आला, रडू आलं, आणि सगळ्यात शेवटी आली ती काळजी. उद्या आपण यवतमाळला गेलो तर याला बोटं कोण दाखवणार? पुन्हा टाकी फोडून घेईल. शाळेमागचा रस्ता आता सांगायचा, तर एवढे दिवस लपवला हे उघडं पडणार. मग एकच उपाय उरला. ती बाबांकडे गेली आणि म्हणाली, ब्रेकर कमी करा.

"गाव बोंबलून राह्यलं, तवा म्या ऐकलं नाई. तुले काऊन पाह्यजे?"

पाहुण्यांची गाडी अडकेल, ती म्हणाली. पुंडलिकरावांना ते पटलं. पाहुण्यांची गाडी तर उंच आहे म्हणे, असं सुलोचनाबाई भाकरी थापता थापता पुटपुटल्या, आणि लेकीकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन माणूस आला. सायंकाळपर्यंत ब्रेकर रस्त्याशी जवळपास एकजीव झाला.

बाजाराच्या दिवशी दिपाली सकाळपासून कान लावून होती. घुरघुर काही येईना. तो येणारच नाही, असं मनाशी म्हणत ती रस्त्याकडेला उभी राहिली, तर अचानक लाल झेन समोरच होती. आवाज नाही. पंख नाही. आणि उंच... चारचौघींसारखी साधी झेन, कारखान्यातून आली असेल तशी. दिपालीचा हात सवयीनं वर गेला. दोन बोटं वर झाली, आणि गाडी सर्रकन तिच्यासमोरून निघून गेली. थांबली नाही. ती बाजाराच्या वळणावर दिसेनाशी झाली.

दिपालीची बोटं तशीच हवेत राहिली. म्हणजे हा नुसता ब्रेकरसाठीच थांबायचा, तिला वाटलं. तिनं हात खाली घेतला. ओट्याची पायरी चढली.

तेवढ्यात मागून कण्हल्यासारखा आवाज आला. लाल झेन उलटी येत होती. वळणापासून, बैलबंडी आणि भाजीवाल्या बायांमधून, अख्खा रस्ता रिव्हर्समध्ये. ती दुकानापुढे येऊन थांबली. नीलेश उतरला. त्याला घाम आला होता.

"ब्रेकर कुठी गेला?" त्यानं विचारलं. "मी थांबणारच होतो. पाय ब्रेकवर जायच्या आधी दुकान मांगं पडलं."

"तासला. तुमच्या गाडीसाठी." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "आन तुमी गाडी काऊन उंच केली?"

"तुमच्या ब्रेकरसाठी. जुन्या स्प्रिंगा माळ्यावर होत्या. म्हटलं, ज्या पोराले दारापुढं गाडी रिकामी करा लागते, त्याले काका पोरगी काऊन देतीन?"

दिपाली हसली, आणि हसू मधेच ओलं झालं.

"एक सांगाचं होतं," ती म्हणाली. "शाळेमांगून बाजाराले एक रस्ता जाते. सपाट. मी तुमाले सांगितलाच नाई... तुमची टाकी माह्यामुळं फुटली."

नीलेश खाली पाहत होता.

"मले माहीत आहे तो रस्ता," तो म्हणाला. "दुसऱ्या बाजारापासूनच माहीत आहे."

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. बाजारातून कुणीतरी वांग्याचा भाव ओरडत होतं.

"आता इथं थांबायले काहीच कारण नाई उरलं," तो म्हणाला, "म्हणून वापस आलो. मले तू आवडते दिपाली. तुले यवतमाळले जायचं असन तर तसं सांग... नसन तर मी काकाशी बोलतो. आत्ताच."

"बोला," ती म्हणाली. "मले बी तुमीच पाह्यजे."

बोलायला लांब जावं लागलं नाही. पुंडलिकराव तराजूमागेच उभे होते, आणि सगळं ऐकून झालं होतं. ते बाहेर आले. चष्मा सारखा करून त्यांनी आधी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"गाडी माणसासारखी केली म्हणा की."

"मले खाली बसलेलीच आवडे, बाबा," दिपाली हळूच म्हणाली.

"मंग ब्रेकर कायले तोडला?" पुंडलिकराव म्हणाले. त्यांनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा पोराकडे, आणि आवाज जरा खाली आणला. "आन आता त्या यवतमाळवाल्यायले मी काय सांगू?"

दारात पिठाचे हात घेऊन सुलोचनाबाई उभ्या होत्या.

"सांगा," त्या म्हणाल्या, "वडनेरचा रस्ता लय खराब आहे."

पुंडलिकरावांनी समोरच्या गुळगुळीत रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांनी नीलेशला गाडी सावलीत लावायला सांगितली, आणि चहा ठेवायला म्हणून ते स्वतःच आत गेले.