तिसरं कारण

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या नीरजाने मुद्दामच काढून टाकल्या होत्या. डोळ्यांवर ओढणी घट्ट बांधून ती एकेक बाटली नाकाशी नेत होती. दालचिनी कळली, कापूर कळला. एक मात्र काही केल्या ओळखू येईना. तेवढ्यात दारात पावलं वाजली. शेजारच्या वर्गावरच्या प्रभा मॅमच असणार.

"मॅम, ज़रा सूंघ के बताइए, ये क्या है?" तिने बाटली पुढे केली.

पावलं थबकली. कुणीतरी जवळ येऊन वाकलं... आणि एक अनोळखी, खर्जातला आवाज म्हणाला, "ये तो... ओवा है."

नीरजाने झटकन ओढणी वर सरकवली. समोर उंचसा तरुण, शर्टाच्या बाहीला खडूची धूळ, आणि चेहऱ्यावर दाबून धरलेलं हसू.

"अजवाइनला ओवा म्हणणारे तुम्ही कोण?"

"उन्मेष. बायोलॉजीच्या मॅम रजेवर गेल्यात ना, डिसेंबरपर्यंत त्यांच्या जागी. पुण्याहून आलोय." त्याने ओढणीकडे पाहिलं. "आणि तुम्ही शाळेत आंधळी कोशिंबीर खेळताय?"

"कोशिंबीर? ती तर खायची असते ना?"

तो इतका मनापासून हसला, की चिडायचं ठरवूनही नीरजाला चिडता आलं नाही. जन्म दिल्लीतला, घर तिथल्याच द्वारका भागातलं. आईबाबांशी बोलण्यापुरतं मराठी तिला येत होतं. बाकीचं कुठेकुठे निसटून गेलं होतं. नोकरीचं हे पहिलंच वर्ष. अकरावीला सायकॉलॉजी शिकवायची, आणि पुढच्या आठवड्यात ज्ञानेंद्रियांचं प्रॅक्टिकल होतं.

"मुलांआधी कुणावर तरी करून बघायचंय," ती म्हणाली. "पण संमती घेतल्याशिवाय प्रयोग करता येत नाही."

"दिली."

"अजून विचारलंय कुठे?"

"विचारणारच होतात ना?"

दुसऱ्या दिवशी तो डोळे बांधून, नाक चिमटीत धरून मुकाट बसला. नीरजाने एक फोड त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने चावली. "सफरचंद. गोड आहे."

"कच्चा बटाटा आहे!"

"तुम्ही दिलात म्हणून गोड लागला असेल..."

ती एकदम बाटल्या आवरायला लागली. आधीच आवरलेल्या बाटल्या.

ऑक्टोबर होता. शाळेपासून मेट्रोपर्यंतच्या रस्त्यावर सप्तपर्णी फुलली होती; संध्याकाळी तिचा जडसर, गोड वास अंगावरच यायचा. दोघं रोज त्या वाटेने चालत जायची. मग तो मुनिरक्याला, आपल्या भाड्याच्या खोलीकडे, आणि ती घरी. तो तिला शब्द शिकवायचा, हिरमुसणं, घुटमळणं, रेंगाळणं. ती ते चुकीच्या जागी वापरायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

डिसेंबरात बायोलॉजीच्या मॅम परतल्या. शेवटच्या दिवशी मेट्रोच्या जिन्याशी उन्मेष थांबला. श्वासांची वाफ दिसत होती.

"नीरजा, मला तू आवडतेस. खूप."

तिला हवं होतं ते हेच... आणि नेमकी त्याचीच भीती वाटली.

"कालच वर्गात सांगितलं मी," ती हळूच म्हणाली. "हीटर जास्त विकले जातात तेव्हा खोकलाही वाढतो. म्हणून खोकला हीटरमुळे नाही होत. दोन्हींच्या मागे तिसरंच कारण असतं. थंडी."

"आता मी हीटर की खोकला?"

"मस्करी नको, यार. तू इथे एकटा होतास. दिवसभरात मराठी बोलणारी मी एकटीच. तुला मी आवडते, की... घराची आठवण?"

तो म्हणाला, "हे ठरवायचं कसं?"

"पुण्यात तर सगळेच मराठी बोलतात. तिथे राहून बघ. होळीपर्यंत फोन नाही, मेसेज नाही. तरीही वाटलं, तर खरं."

"आणि तुझं काय? तुला काय वाटतं?"

"रिसर्चरने आपलं मत सांगायचं नसतं," ती म्हणाली. "त्याने निकाल बदलतो."

त्याने मान डोलावली. जिना चढताना एकदा वळून पाहिलं, आणि गर्दीत दिसेनासा झाला.

जानेवारीत धुकं उतरलं. सकाळी समोरची सोसायटीसुद्धा दिसेना. मेट्रोच्या डब्यात मागे कुणी खर्जात बोललं, की नीरजाची मान आपोआप वळायची. एका रात्री तिने निमूट जेवण संपवलं, तेव्हा आई, कुमुदिनी, तिच्याकडे बघतच राहिली.

"वरणात मीठ घालायला विसरले मी. तुला कळलंसुद्धा नाही?"

"कळलं ना," नीरजा म्हणाली. कळलं नव्हतं.

फेब्रुवारीत ती संशोधनाची नीती शिकवत होती. प्रयोगात भाग घेणारा माणूस कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकतो. पहिल्या बाकावरच्या अवनीने हात वर केला.

"और मॅम, रिसर्चर? उसको ही तकलीफ़ होने लगे तो?"

नीरजाच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला. उन्मेषची परीक्षा घेताना तिने स्वतःला तोच प्रश्न एकदाही विचारला नव्हता. विचारायची गरजच नव्हती. उत्तर तर केव्हाचं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी तिने बाल्कनीतून फोन लावला.

"होळी झाली?" त्याचा आवाज... अगदी कानाशी.

"नाही. माझ्याने नाही होत, उन्मेष. तुझा निकाल काहीही असू दे, मला तू आवडतोस. त्या दिवशी जिन्यावर सांगायला पाहिजे होतं. मी घाबरली."

"इथे पेपरवाल्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे शुद्ध मराठी बोलतात," तो म्हणाला. "आणि मला दिवसभर 'मी घाबरली' म्हणणारी एकच मुलगी हवी असते."

तिने डोळे मिटले. हसू येत होतं.

"पण एक सांगायचंय," तो म्हणाला. "इथल्या शाळेने मला कायम केलंय."

"अच्छा..."

"तुझी सुट्टी कधी लागते?"

"मेच्या मध्यावर."

"लांब आहे गं."

"लांब आहे. पण मी येईन. आईला आजच सांगते. तू फक्त आत्ता फोन ठेवू नकोस. बोलूही नकोस काही."

दोघंही गप्प राहिली. डोक्यावरून एक विमान दिवे लुकलुकवत खाली उतरत गेलं.

"विमान?" त्याने विचारलं.

"हो."

त्याच्याकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी हाक मारली, "उन्मेष, पानं घेतलीत रे!"

"जा, जेवायला बोलावतायत."

"जातो," तो म्हणाला... आणि गेला नाही.