मुठीतला फासा

शाळेत तिला सगळे ‘गुणी’ म्हणायचे. आणि ती गुणीच होती हो! म्हणून तर ‘आदर्श विद्यार्थिनी’चं प्रमाणपत्र फ्रेम करायला दुकानात आली होती. तेवढ्यात माळ्यावरून आवाज आला –

“आधी वैद्याला गोड बोलून गुंडाळ, मग किल्ली पळव!”

तिने कान टवकारले. पाय आपोआप जिना चढले.

वर गोल टेबल, हाताने रंगवलेला नकाशा, फासे... आणि फ्रेमवाल्याचा मुलगा. चष्म्यावर लाकडाचा भुसा, आणि भुशामागे – अगं बाई, ते डोळे!

“आमची ठगीण आजारी पडलीये,” त्याची ताई म्हणाली. खेळातली गोष्ट तीच पुढे न्यायची. “बसतेस तिच्या जागी? खोटं बोलायचं, चोरायचं, दगा द्यायचा.”

“मी? खोटं बोलताना मला शिंका येतात!”

“रुमाल मी देतो,” तो हसला. “मी वैद्य. तुझं पहिलं गिऱ्हाईक.”

नियम एकच. फासा मुठीत असेल तर बोलतं ते पात्र. फासा टेबलावर असेल तर बोलता ते तुम्ही.

आणि काय सांगू, गुणी अशी काही फुलली! दर रविवारी खिडकीतून तिरपं ऊन यायचं, त्यात भुसा सोन्यासारखा तरंगायचा, आणि ती बिनदिक्कत थापा मारायची. एकही शिंक नाही! खेळात दोन जुळे भाऊही होते, नकाशातल्या नगराचे पहारेकरी. त्यांना तर तिने त्यांचेच घोडे विकले.

“तू भयंकर आहेस,” एकदा वैद्य म्हणाला. “तुझं खरं कुठलं, हेच कळत नाही आता.”

सगळे हसले. ती मात्र मुठीतला फासा फिरवत राहिली. उद्या खरंच काही सांगावंसं वाटलं, तर... तर हा विश्वास ठेवेल?

मग तो रविवार आला. वेशीची किल्ली वैद्याकडे. ठगिणीने ती काढून घ्यायची होती. गुणी पुढे झुकली. त्याच्या शर्टाला ताज्या लाकडाचा वास होता...

“आठवडाभर मी रविवारची वाट बघते,” ती हळूच म्हणाली. “किल्लीसाठी नाही. तू हसतोस ना, चष्मा वर सारत... त्यासाठी.”

वैद्याने किल्ली देऊन टाकली.

“गेला, वैद्य कामातून गेला!” जुळे ओरडले.

“थांबा,” ताई म्हणाली. “हिचा फासा कुठंय?”

फासा टेबलावर होता. उन्हात, निवांत पडलेला.

गुणीचे गाल लालेलाल. जुळ्यांनी एकमेकांना कोपर मारलं.

“विसरलीस ना... उचलायला?” त्याने विचारलं. आवाज इतका हळू, की तिला तो उत्तराला घाबरल्यासारखा वाटला.

एक थाप, की सुटका! टेबलावरची सगळ्यात पट्टीची थापाडी तीच तर होती. तिने सावकाश फासा उचलला, मूठ घट्ट मिटली, आणि त्याच्याकडे बघत म्हणाली –

“हो. विसरले. मघाचं सगळं ठगिणीचं होतं... माझं काहीच नाही.”

तो तिच्या मिटलेल्या मुठीकडे बघत राहिला. ठगीण आजवर एकदाही खरं बोलली नव्हती.

मग चष्मा वर सारत तो हसला – अगदी तसंच! – आणि त्याने स्वतःचा फासा टेबलावर ठेवला.

“किल्ली राहू दे तुझ्याकडेच,” तो म्हणाला.

आणि गुणीला धडाधड शिंका आल्या.