कारण : निष्काळजी तपासणी

विश्वास ठेवा, नका ठेवू. मी काही रचून सांगत नाही. गेल्या मार्चमधली गोष्ट. बेळगावात, टिळकवाडीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये, भर दुपारी अडीचला घडलेली.

मी आणि निपाणीचे भीमरत्न अण्णा एका ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही हातभार लावता येईल अशा, प्रकल्पात काम करायचो. जगभरचे सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर. कुणी त्याच्या कोडमध्ये बदल सुचवला की दोघांनी तपासणीच्या टूलमध्ये तो वाचून 'मंजूर' म्हणायचं. मगच तो आत जायचा.

आमची पद्धत जरा वेगळी होती. फोनवर मी एकेक ओळ मोठ्याने वाचायचो. पटली की अण्णा म्हणायचे, "व्हय."

नाही पटली तर गप्प बसायचे.

एकदा फारच मोठा बदल आला. आम्ही अर्धा अर्धा वाटून घेतला. मला कंटाळा आला होता. फायली न उघडताच मी सगळ्यांपुढे 'पाहिलं'ची टिक मारली.

संध्याकाळी अण्णांनी फोन केला. "आदर्शा, पूर्ण वाचलंस न्हवं?"

"व्हय अण्णा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शेकडो सर्व्हर बंद पडले. चूक माझ्या अर्ध्यात होती. अण्णांनी मात्र सगळ्यांना स्वतःच्या नावाने लिहून कळवलं, 'चूक माझी.' मला एका शब्दाने बोलले नाहीत. प्रकल्पाने त्यांचा तपासणीचा अधिकार काढून घेतला, नाव तेवढं यादीत राहिलं.

आणि मी... मी ब्रसुद्धा काढला नाही. सांगायलाही लाज वाटते.

दोन महिन्यांनी हार्ट अटॅकने अण्णा गेले.

त्या दुपारी टूलमध्ये माझ्या मंजुरीसाठी एक बदल आला. तपासणाऱ्यांच्या यादीची साफसफाई. बारा नावं काढायची होती, प्रत्येकापुढे कारण लिहिलेलं. लाइट गेली होती. पंखा बंद. हेडफोन टेबलावर पडलेला, कशालाही न जोडलेला.

सवयीने मी मोठ्याने वाचायला लागलो. पहिलं नाव. कारण, दोन वर्षं काम नाही.

"व्हय..."

शेजारच्या घरात कुणीतरी बोललं असेल, असं वाटलं. दुसरं नाव वाचलं.

"व्हय..."

आवाज हेडफोनमधून येत होता.

तरी मी वाचत राहिलो, का ते विचारू नका. आठ नावं झाली. आठही वेळा तोच आवाज.

नववं नाव अण्णांचं होतं. कारण, निष्काळजी तपासणी.

मी थांबलो...

काहीच नाही.

पुन्हा वाचलं.

काहीच नाही.

मग अगदी हळू, दमल्यासारखा...

"आदर्शा, पूर्ण वाचलंस न्हवं?"

मी अनवाणीच जिना उतरून रस्त्यावर आलो.

तो बदल आजही माझ्यापाशी अडकलाय. टूल रोज सकाळी आठवण पाठवतं. 'चूक माझी होती' असं त्याखाली मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. पाठवलं तर माझं नाव जाईल, कदाचित नोकरीही.

म्हणून ते इथे लिहितोय. नावं बदलली आहेत.

लिहिलेली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतो आणि थोडा थांबतो...

अजून एकदाही 'व्हय' आलेलं नाही.