आठ नंबर आणि माझा गुडघा

क्लिनिकमधला पडदा सरकला आणि मी जागच्या जागी थिजले. समोर पांढऱ्या कोटात उभा होता... आठ नंबर!

आत्याच्या बुटांच्या दुकानात मी गिऱ्हाइकांना पायाच्या मापावरून ओळखते. हा आठ नंबर हल्ली सारखा यायचा. भिंतीवरचे सगळे जोड खाली उतरवायला लावायचा, एकेक घालून आरशासमोर फेऱ्या मारायचा आणि घ्यायचं काय, तर बुटाच्या नाड्या! जाताना दारातून वळून हसायचा मात्र असा, की पुढच्या गिऱ्हाइकाच्या डाव्या पायात मी उजवा बूट सारायची.

"तुम्ही... डॉक्टर?"

"फिजिओथेरपिस्ट. पण तुम्ही — तुम्ही लंगडताय?" त्याचाच चेहरा उतरला.

मी टेबलावर बसले. काय सांगणार? गुडघ्यावर निखारा ठेवल्यासारखी आग होत होती. आईच्या सांध्यांनी असाच दगा दिला आणि तिचा जिना कायमचा सुटला. काल मला लंगडताना पाहून ती म्हणाली होती, "तुझ्याही नशिबी हेच का गं?" दुकान सुटलं तर मी करू काय?

त्यानं पाय वाकवून पाहिला, सरळ केला. पडलात का, ताप येतो का, मुंग्या येतात का — प्रश्नांची सरबत्ती. मी म्हटलं, नुसती आग होते.

"आग व्हायला कारणं बरीच असतात," तो हळूच म्हणाला. "वाटी घासत असेल तर जिना उतरताना जळजळतं. नस दबली तर मुंग्या येतात. कधी दुखणं कमरेत असतं आणि बोंब गुडघा मारतो. झीज असली तर सकाळी सांधा आखडतो. तुमचं यातलं काहीच दिसत नाही. आता इथे..."

"आई गं!"

बाहेर बसलेल्या एका पेशंट बाईंनी पडद्यातून डोकं आत घातलं.

"सॉरी, सॉरी! वाटीच्या पुढे एक बारीक पिशवी असते, गादीसारखी. ती सुजलीय. गुडघे टेकून खूप बसता का?"

"गिऱ्हाइकांना बूट घालताना. फरशी टणक आहे ना."

"पण इतकी सूज?"

"आधी नव्हतं हो असं. हल्ली एक गिऱ्हाईक येतं, ते अख्खी भिंत उतरवायला..."

मी जीभ चावली. पण बाण सुटला होता. त्याचे कान आधी लाल झाले, मग चेहरा पांढराफटक.

"म्हणजे... ही आग मी लावली?"

मला हसू फुटलं. त्याला मात्र नाही. कपाळाला हात लावून तो स्टुलावर मटकन बसला. "तुमच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून यायचो. घरी खणभर नाड्या झाल्यात. आणि तुम्ही तिकडे..."

दुखणं क्षणभर विसरलेच मी.

मग बर्फाचा शेक आला, हलके व्यायाम आले, गुडघा टेकायला सक्त मनाई आली. बसायला बुटकं स्टूल हवं म्हटल्यावर आत्या कडाडली, "आम्ही काय आकाशात बसून बूट घातले?" तरी दुसऱ्या दिवशी स्वतःच स्टूल घेऊन आली. आग हळूहळू निवली. आई तर आनंदानं रडलीच.

पण आठ नंबर दुकानात फिरकेना. क्लिनिकमध्येही मोजकंच बोलायचा. मी उगीच दाराकडे बघत बसायची.

आणि मग एके दिवशी म्हणाला, "आजपासून तुम्ही शेजारच्या खोलीतल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे जा."

कुणी थोबाडीत मारावी तसं वाटलं.

"का? माझं काही चुकलं?"

"नाही हो."

"मग माझा गुडघा नकोसा झाला?"

"गुडघा नाही... म्हणजे गुडघा चांगलाच आहे... अहो, ऐका तरी!" तो हातातली पट्टी उलगडत, पुन्हा गुंडाळत राहिला. "पेशंटला चहाला विचारायचं नसतं आम्ही. तसा नियम आहे. म्हणून तुम्ही माझ्या पेशंट असायला नकोत. मला तुम्ही आवडता. फार. नाही म्हणालात तरी मॅडम उपचार नीट करतील, मी मध्ये येणार नाही."

मी याला मनातल्या मनात शिव्या घालत होते आणि हा...

शेजारच्या खोलीतून मॅडमनी हाक दिली, "पाठव रे तुझी पेशंट!"

मी पर्स खांद्याला अडकवली, पडदा बाजूला केला आणि मॅडमच्या दारात जाऊन म्हटलं, "मॅडम, उद्या आले तर चालेल का? आज मला चहाला जायचंय."

मागे काहीतरी धाडकन पडलं. मी वळून पाहिलं नाही. माझं हसू मलाच आवरत नव्हतं.