बोक्याचं अर्धं वाक्य

एक्केचाळीस हजार तीनशे सहा आवाज. तेवढेच फोटो. तेवढेच व्हिडिओ. आणि बाहेरच्या बाकांवर सात मुलं.

त्या दिवशी आमच्या ऑफिसात एवढं होतं. मी विज्ञान शिकलोय, मोजल्याशिवाय बोलत नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

रात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती.

आमचं काम साधं. लहान मुलांकडून एकच उतारा वाचून घ्यायचा आणि चेहरा, आवाज साठवायचा. मग मशीनला कुठलाही आवाज दिला, की ते तोही साठवून घेतं आणि त्याच्याशी जुळणारे आवाज शोधून देतं. निकाल बरोबर वाटला तर आपण 'हो' दाबायचं. मशीन त्यावरून शिकतं आणि पुढचा निकाल आणखी जवळचा आणतं.

त्या दुपारी ताई आली. माझी थोरली बहीण.

तिचा मुलगा, आमचा बोका, गेल्या वर्षी ट्रकखाली गेला. त्याआधी त्याने तिला फोन केला होता. तिने उचलला नाही. मागे राहिला तो एवढासा निरोप.

"आई, ऐक ना, मी..."

आणि मग हॉर्न.

"पुढे काय म्हणणार होता, तेवढं ऐकायचंय मला," ताई म्हणाली.

"ताई, यात दुसऱ्यांची मुलं आहेत गं. बोका नाही."

"तुला नाही विचारलं. तुझ्या मशीनला विचार."

तिच्या समाधानासाठी मी निरोप मशीनला दिला.

पहिला निकाल आला. जुळणी एकसष्ट टक्के. गेल्या महिन्यात रेकॉर्ड केलेला एक चष्मेवाला मुलगा. तो आत्ताही बाहेर बाकावर बसला होता. रेकॉर्डिंगमध्ये तो उतारा वाचत होता... वाचता वाचता थांबला...

"आई, ऐक ना, मी मामा..."

आमच्या उताऱ्यात आई नाही. मामाही नाही.

ताईने 'हो' दाबलं.

बाहेरचा गोंगाट किंचित कमी झाला...

मी काचेतून पाहिलं. चष्मेवाला काहीतरी रंगवून सांगत होता. तोंड हलत होतं.

आवाज येत नव्हता.

"नाटकं पुरे हं!" आमचे सर त्याला दटावत होते. बाकीची मुलं खिदळत होती.

दुसरा निकाल. अठ्ठ्याहत्तर टक्के. लाल स्वेटरवाली मुलगी.

"आई, ऐक ना, मी मामाकडे..."

हो.

बाहेरचं एक हसू मध्येच तुटलं. लाल स्वेटरवालीने स्वतःचा गळा धरला होता.

"ताई, थांब! बाहेर बघ जरा!"

"मघापासून बघतेय."

तिसरा निकाल. त्र्याण्णव टक्के.

सरांची छोटी.

घरी कुणी नसलं की सर तिला सोबत आणायचे. आत येताना ताईनेच तिच्या सुटलेल्या रिबिनीची गाठ बांधून दिली होती.

"ताई, ही सरांची मुलगी आहे. पाया पडतो तुझ्या." मी माऊस हिसकावला.

"तुझा भाचा गेला," ती शांतपणे म्हणाली. "माझा मुलगा गेलाय."

आणि तिने कीबोर्डवरून 'हो' दाबलं.

"आई, ऐक ना, मी मामाकडे जेवून येतो."

एवढंच.

त्या दिवशी मी त्याला बोलावलंच नव्हतं...

ताईने स्पीकर जवळ ओढला.

"जेवून येतो? छे! हे नाही. पुन्हा शोध."

बाहेर सर हाका मारत होते. "छोटी! अगं, बोल ना! काय होतंय तुला?"

मी वायर उपटली.

डॉक्टरांना तिघांच्याही घशात काही सापडलं नाही. सर मला म्हणाले, "तिचा जुना आवाज तरी ऐकव रे." मी रेकॉर्डिंग लावलं. छोटी छान मान हलवत उतारा वाचत होती.

आवाज नव्हता.

सरांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "परत लाव."

ताईचा अजून फोन येतो. मुलांचं विचारत नाही. विचारते, "मशीन चालू झालं का रे?"

काल सरांच्या हट्टाखातर छोटीला पुन्हा बंद खोलीत बसवलं. तिने उतारा वाचला. ओठ हलले. आवाज मोजणारा काटा जागचा हलला नाही.

मशीन पुन्हा चालू करून ते कोरं रेकॉर्डिंग मी त्याला दिलं.

पहिला निकाल, बोक्याचा निरोप.

जुळणी शंभर टक्के.