रॉइसने उतरवलेली गाडी

शेकोटीत ओंडका सरकवा आणि जवळ बसा. ही रॉइस टटलची हकीकत. बेकर्सफील्डला त्याचं गॅरेज माझ्या परसाला लागूनच होतं.

रॉइसला तीस सालातली एक जुनी गाडी कापून हॉट रॉड, म्हणजे सुसाट पळणारी गाडी बनवायची होती, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. सस्पेन्शनचा आराखडा त्याच्या बहिणीच्या, व्हर्नाच्या नवऱ्याचा. एल्मर पिकेट. शांत माणूस, पण एका गोष्टीवर अडून बसला.

"रॉइस, चाकाच्या रिमखाली काहीही लोंबता कामा नये. टायर फुटला तर चासी रस्त्यात रुतेल."

"म्हाताऱ्यांना चर्चला न्यायची आहे का ही? रस्ता चाटला पाहिजे तिने!"

"मग दुसरा कुणी बघ."

रॉइसने हसून मान डोलावली. आणि एल्मर घरी गेल्यावर त्याने चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, रिमच्याही खाली उतरवली. एल्मरला सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी एल्मर गाडी चालवून बघायला निघाला. कालव्याच्या रस्त्यावर पुढचा टायर फुटला. चासी डांबरात रुतली, रस्त्यात लांब चर पाडत गाडी उलटली. एल्मर जागीच गेला.

दफनाच्या वेळी रॉइस बहिणीला म्हणाला, "त्याचंच गणित चुकलं गं."

व्हर्नाने ते खरं मानलं.

पुढच्या वर्षी रॉइसने दुसरी गाडी घेतली, पहिलीपेक्षाही बुटकी. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्यांचं प्रदर्शन. नुकतंच अंधारलं होतं. गाडी लोखंडी स्टँडवर चढवून रॉइस खाली झोपून नट आवळत होता. पुढचं त्याने मला स्वतः सांगितलं, इस्पितळात.

आधी हवा सुटल्यासारखा आवाज आला. सस्स...

टायर टणक भरलेले होते, आणि गाडीला हवेचा एकही नळ जोडलेला नव्हता.

मग डोक्यापाशी कुणीतरी विचारलं, "आणखी खाली हवी का, रॉइस?"

आवाज एल्मरचा.

रॉइसने मान वळवली. कुणी नाही. स्टँड जागेवर होते, हलले नव्हते. तरी गाडी खाली येत होती. छातीला लोखंड लागलं. गार...

"एल्मर... नको..."

"व्हर्नाला सांग."

लोखंड आणखी दाबलं. मग तो ओरडला. मी ऐकलं, गॅरेजच्या पलीकडच्या आपल्या घरातून व्हर्नाने ऐकलं. आम्ही दोघं त्याने आतून कुलूप लावलेल्या शटरपाशी पोहोचलो तेव्हा आतून तो किंचाळत होता, "मी उतरवली! व्हर्ना, मी उतरवली! एल्मरने नाही!"

मी शटर उचकटायला हात घातला. व्हर्नाने तो धरून ठेवला. घट्ट. आतली बोंब थांबेपर्यंत...

शेवटी मी तिचा हात झटकला, कुलूप तोडलं. रॉइस तीन दिवस जगला.

शटर उघडलं तेव्हा आतल्या सिमेंटमध्ये एक लांबलचक चर पडलेला दिसला, दारापासून थेट गाडीपर्यंत. चरात ओलं डांबर होतं. अजून वाफाळत होतं.