गाठोडी कोणाजवळ होती

कलमं ऊन उतरल्यावर काढू. आत्ता काढली तर शेंदूरजनाघाटहून तुमच्या गावापर्यंत मुळं तग धरणार नाहीत. तोवर इथे ओट्यावर सावलीत बसा. मी हातपाय धुऊन घेतो, तुम्ही पाणी प्या. फक्त विहिरीकडच्या वाफ्यातली कलमं मागू नका. चांगली आहेत, मान्य. या बागेतली सगळ्यात चांगली तीच. पण त्यांच्या पट्ट्या बघितल्यात का? आम्ही जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवतो आणि वरून केळीच्या सोपटाची पट्टी घट्ट गुंडाळतो. मी उजव्या हातानं गुंडाळतो, मोतीरामही उजव्याच. त्या वाफ्यातल्या पट्ट्या सगळ्या उलट्या वेढ्याच्या आहेत, डावखुऱ्या माणसाच्या. या बागेत डावखुरा एकच होता, जानराव. तो बावन्न साली मेला, आणि ती कलमं यंदाच्या माघातली आहेत.

हसा, हसा. मीही पहिल्यांदा हसलोच होतो.

तो समोर आंब्याखाली बसलाय ना, पांढऱ्या टोपीवाला, तो मोतीराम. गाव आम्हाला भागीदार म्हणतं, म्हणू दे. मी विसाव्या वर्षापासून या माणसावर जीव टाकून बसलोय आणि आता हे सांगायची मला लाज वाटत नाही. पण मोतीराम आधी जानरावचा होता. तिघांनी मिळून ही बाग मक्त्यानं घेतली होती. त्या झोपडीत तेव्हा दोनच बाजा होत्या, आणि त्यातली एक माझी. समजलं ना?

जानरावचा राग यावा असं त्याच्यात काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त यायचा. हसरा, कामाला वाघ, गळा गोड. एकदा आम्ही तिघं पायी रिद्धपूरच्या यात्रेला निघालो. मोतीरामच्या टाचेला फोड आला, तर या पठ्ठ्यानं त्याला पाठीवर घेऊन ओढा पार केला. मोतीराम त्याच्या मानेवर गाल टेकवून हसत होता. मी मागे दोघांची गाठोडी डोक्यावर घेऊन पाण्यातून चालत होतो. त्या दिवशी माझ्या अंगाची नुसती आग आग झाली.

बावन्नच्या वैशाखात विहिरीचा गाळ काढायचा होता. उतरायची पाळी माझी होती. मी म्हटलं, अंगात कणकण आहे. होती की नव्हती, हे आज मला शपथेवर सांगता येणार नाही. माझ्याऐवजी जानराव उतरला. खाली विषारी हवा साचलेली. दोरानं वर काढला तेव्हा त्याच्या दहाही नखांत काळा गाळ भरला होता.

मोतीराम दोन वर्षं धड बोलला नाही. मग चौपन्न साली अचलपूरहून येताना आमची मोटार वाटेत बंद पडली. रस्त्याकडेच्या दगडावर बसून त्यानं एक संत्रं सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "शालिक, आता तूच हायेस मले." माझ्या वाट्याला आलेली गोष्ट एवढीच. पण माझी होती.

साठ साली ताप त्याच्या डोक्यात गेला. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यातून महिन्यानं घरी आणला. डोळा बसवायचं त्याचे हात विसरले नव्हते, बाकी सगळं पुसलं गेलं होतं. मला बघून म्हणाला, "तुमी कोन, भाऊ?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज जुनं जुनं सांगत जा, पाढ्यासारखं घोकून राहील. मी सकाळी न्याहारीनंतर आंब्याखाली बसून सांगायला लागलो. आणि तिथेच माझी नियत फिरली. ओढ्यातून तुला कोणी नेलं? मी नेलं. तुझ्यासाठी गाणं कोण म्हणायचं? मीच. विहिरीत कोण गेलं ते सांगितलंच नाही. जानराव नावाचा माणूस मी त्याच्या आयुष्यातून काढूनच टाकला.

आणि काय सांगू तुम्हाला! मोतीराम माझ्याकडे तसा बघायला लागला. तीच नजर, जी जानराव असेपर्यंत मी दुरून बघत होतो. संध्याकाळी माझा हात हातात घेऊन बसायचा. दोन्ही बाजा एकमेकींना लागल्या. वर्षभर मी सुखात होतो. चोरीचं होतं, पण सुखच होतं.

मग या माघात एके दिवशी जेवता जेवता तो थांबला. "शालिक, तू मले पाठीवर घेतलं. त मंग गाठोडे कोनाजवळ होते?"

मी पुढचा घास उचलत म्हटलं, "असतील... कोनाजवळ तरी."

दुसऱ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "मागं एक पोट्टा होता म्हने. दोघायचे गाठोडे घेऊन. तोंड पाडून चालून रायला होता."

"कोनं सांगतलं तुले?"

"तो येते ना दुपारून. तू जेवून पडतं तवा."

मी म्हटलं, आजारी डोकं आहे, काहीही बोलतं. पण त्याच आठवड्यात वाफ्यात पहिली उलटी पट्टी दिसली. निंदणाला येणारी चतुराबाई विचारू लागली, "भाऊ, नवा मानूस ठेवला का? मले पाठमोराच दिसला. डाव्या हातानं काम करे." आणि बारा वाजले की बागेत संत्र्याच्या फुलांचा वास असा दबून जायचा. त्याच्यावर दुसराच वास चढायचा, विहिरीच्या तळच्या गाळाचा. अहो, विहिरीला तेव्हा दहा हात पाणी होतं.

मला भीती वाटायला हवी होती. मला आधी हेवाच वाटला. मेला तरी याचं संपत नाही, असं मी मोठ्यानं म्हणालो.

एका दुपारी झोपेचं सोंग घेऊन पडलो आणि मग हळूच टोपल्यांच्या ढिगामागे जाऊन बसलो. बैल सोडलेले होते, तरी मोटेचं चाक एकदा करकरलं. पाखरं गप्प झाली. मोतीराम वाफ्यात उकिडवा बसला होता. सोपटाची पट्टी त्यानं एका टोकाला धरली होती. दुसरं टोक समोर हवेत होतं... आणि पट्टी ताणलेली होती. त्याच्या डोळ्यांदेखत, माझ्या डोळ्यांदेखत ती खुंटाभोवती फिरली. एक वेढा, दोन वेढे. डावीकडून.

मोतीराम हळू आवाजात बोलत होता. "हो?... मोटर बंद पडली... मंग संत्रं कोनं सोललं? मी?... आन् अर्धं कोनाले देल्लं?"

तो थांबला. ऐकलं. मग त्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. "शालिकले," तो म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. मी जानरावचं सगळं चोरलं आणि तो माझं मला परत देतोय! मला स्वतःची लाज वाटली. मी उठून समोर जाणार, तेवढ्यात मोतीरामनं विचारलं, "आन् मंग शालिकचं काय झालं?"

गाळाचा वास नाकात शिरला. मोतीरामनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "विहिरीत?..." तो म्हणाला, "शालिक... विहिरीत?"

मी धावलो. पट्टी खाली पडली होती. मोतीराम लेकराला कवटाळावं तसं स्वतःलाच कवटाळून रडत होता. मी त्याच्या खांद्याला धरून हलवलं. "मोतीराम, मी शालिक! हा पाहाय, जित्ता हाये मी!"

तो डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिला. परक्याकडे बघतात तसा.

मग मी सगळं ओकलो. ओढा माझा नाही, जानरावचा. गाणी त्याची. गाठोडी माझ्याजवळ होती, तोंड पाडून चालणारा मीच. "आन् विहिरीची पाळी माही होती. मी खोटं बोललो. माह्या जागी जानराव उतरला."

मोतीरामनं माझ्या हातावर हात ठेवला. त्याला माझी दया आली होती. "नाही, भाऊ," तो म्हणाला. "पाळी शालिकची होती आन् शालिकच उतरला. पाळी चुकवनारा मानूस नोता तो. जीव लावला होता त्यानं मले."

"मंग मी कोन?"

"काय माहीत, बापा. जानरावले विचारतो उद्या. तोच त सांभाळते मले."

तेव्हापासून मी रोज सांगतो आणि रोज तो तेच उत्तर देतो. सकाळी संत्रं सोलतो, अर्धं विहिरीत टाकतो, शालिकसाठी. मी बाजूला उभा असतो. जानरावशी माझं आता भांडण नाही. हेवा वाटतो तो त्या शालिकचा. पाळी आली तेव्हा जो उतरला, त्याचा. मोतीराम असा माझ्यासाठी कधी रडला नव्हता.

ऊन डोक्यावर आलं. बघा, मोतीराम उठला, वाफ्याकडे चाललाय. कोणाशी तरी बोलतोय... वास येतोय ना तुम्हाला? घाबरू नका, तुम्हाला काही होत नाही. फक्त एक सांगा मला. तुम्ही आलात तेव्हा मी तुमच्यासमोर हात धुतले होते, आणि तेव्हापासून या ओट्यावरून हललेलो नाही. खरं ना?

मग ही माझी दहाही नखं बघा.